प्रश्न चौदावा

विबके थोमसेन.
भूमच्या स्टँडवर हमालानं नाव विचारलं
आणि त्या संध्याकाळपासून तालुक्यात ती विबकाबाई झाली.
कील नावाच्या गावची. तिथं समुद्र आहे म्हणे.
आमच्याकडं बाणगंगा, तीही दिवाळीपर्यंत.

मी तिचा दुभाषा,
बी.ए. इंग्रजी, सेकंड क्लास,
दिवसाला चाळीस रुपये आणि मागं कॅरियर असलेली सायकल.

तिला खव्याचा हिशेब हवा होता.
म्हणजे दूध कुणाचं, सरपण कुणाचं, भट्टी कुणाची,
आणि शेवटी नोटा मोजतात ती बोटं कुणाची.
बेचाळीस घरं, घरामागं एकसष्ट प्रश्न.
लोक आधी म्हणाले, नसबंदीवाली आहे.
मग म्हणाले, बँकेची.
मग एका म्हातारीनं तिचे उन्हानं सोललेले दंड बघून
वाटीभर खोबरेल आणून दिलं,
तेव्हापासून कुणी काही म्हणेना.

सांगितलेलं ती लिहून घ्यायची, पण विश्वास ताणकाट्यावर.
बाभळीची मोळी टांगून बघायची,
कढईत दूध ओतताना मापं मोजायची,
पाच लिटरला किलो की साडेपाचला,
यावर दोन रात्री झोपली नाही.
माणूस जमिनीवर असेल तर खुर्ची नको म्हणायची.
कोंबड्यासुद्धा मोजल्या तिनं. एक दोनदा मोजली गेली,
तर परत सहा किलोमीटर.

चौदावा प्रश्न साधा होता:
दिवसाकाठी किती तास काम करता?

केवळाबाई हुंबे कढईवर वाकलेली,
उलथनं थांबवलं तर खवा लागतो, म्हणून
मान न वळवता म्हणाली,
"भट्टी इझली की सांगते, माय."

मी इंग्रजीत सांगितलं: एट.
आणि कागदावर लिहिलंही. निळ्या शाईत.
ऊन होतं. अजून चार घरं राहिली होती.
शिवाय आठ हा बरा आकडा,
माझे वडील तहसीलमध्ये आठच तास बसत.
खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही.

पुढं तिचं जाड पुस्तक आलं.
त्यात पान एकशे अठरावर तक्ता,
तक्त्यात सरासरी,
आणि त्या सरासरीत कुठंतरी विरघळलेला
माझा आठ.
मी पुस्तक कपाटात वर ठेवलं,
जिथं हात सहज जात नाही.

ती दोनदा परत आली.
तोवर मराठी शिकली होती, आणि तीही आमची,
"कामून?" विचारायची, "काय करायलाव?" म्हणायची,
पोरं मुद्दाम तिला बोलतं करत.
दुभाषा लागायचा नाही. मी नुसता चहा पाजायचो.
मला कधी काही बोलली नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या भाचीनं पार्सल पाठवलं.
मावशी गेली. शेवटी माणसं ओळखत नव्हती, असं पत्रात.
आत सुतळीनं बांधलेले बेचाळीस फॉर्म.
केवळाबाईचा सापडायला वेळ लागला नाही.
माझ्या आठभोवती पेन्सिलीचा गोल,
शेजारी देवनागरी, अक्षरं रेषेखाली लोंबलेली,
वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे कमी पडावेत तशी:
भट्टी विझली की.
खाली तारीख. ती दुसऱ्या खेपेची होती.
म्हणजे एकटीच गेली होती, मला न सांगता.
नवा आकडा मात्र लिहिला नव्हता.

फॉर्म घेऊन हुंब्यांकडं गेलो.
केवळाबाई फोटोत.
आता गॅसवरची स्टीलची कढई,
नातसून दूध हलवत होती.
मी विचारलं, "दिवसाला किती तास होतं हे?"
तिनं पाट पायानंच माझ्याकडं सारला.
"बसा की. एवढं उतरू द्या."